फूटरच्या लिंका जावास्क्रिप्टमध्ये लपवल्या की गूगलमध्ये वर येतो का आपण?

देवगडचा_बाळ्या (धागाकर्ता)

मंडळी, मी प्रोग्रॅमर नाही, आंबेवाला आहे. देवगडजवळ आमची कलमं आहेत आणि गेली आठ वर्षं पेट्या थेट गिऱ्हाइकाच्या दारी पाठवतो. त्यासाठी भाच्याने एक वेबसाइट करून दिली आहे, साधी पीएचपीतली. साधारण १८० पानं आहेत: हापूस, पायरी, केसर, आमरसाचे डबे, फणसपोळी, आईच्या पाककृती, डिलिव्हरीच्या गावांची पानं, परतीच्या अटी वगैरे.

दिवाळीनंतर एका सल्लागाराला पैसे देऊन साइट दाखवली (नाव विचारू नका, सांगणार नाही). तो म्हणाला, तुमच्या प्रत्येक पानावर ६३ लिंका आहेत, त्यातून 'लिंक ज्यूस' गळतोय. 'परतीच्या अटी' आणि 'संपर्क' असल्या पानांना गूगलची ताकद फुकट जातेय. म्हणून त्याने फूटरमधल्या, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीतल्या, असल्या सगळ्या लिंका जावास्क्रिप्टमध्ये (पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये) नेल्या. माणसाला दिसतात, दाबल्या की उघडतात, पण गूगलला म्हणे त्या लिंका आहेत हेच कळत नाही. सगळा रस हापूसच्या पानाकडे जाणार, असं गणित.

सात आठवडे झाले. रस कुठे गेला देव जाणे. गूगल साइटमालकाला आपल्या पानांची स्थिती दाखवतं त्या सर्च कन्सोलमध्ये ११२ पानांपुढे 'सापडलं, पण सध्या इंडेक्समध्ये (गूगलच्या शोधयादीत) नाही' अशा अर्थाचा शेरा आहे. पायरीला आम्ही पहिल्या पानावर असायचो, आता मीच शोधून दमतो. मोहोर आलाय, पहिल्या पेट्यांना फार वेळ नाही.

त्याचा दुसरा सल्ला असा: 'आजचा आंबा भाव' दाखवणारी, दुसऱ्याच्या पानावर चिकटवता येणारी एक चकती (विजेट) बनवून ब्लॉगवाल्यांना फुकट वाटायची, आत जावास्क्रिप्टमधून 'देवगड हापूस ऑनलाइन' अशी आमची लिंक. हे करू का?

भाचा परीक्षेत आहे, त्याला विचारायची सोय नाही.

---

खडूस_खवय्या

आधी पेटीचा भाव सांगा, मग बघू रस कुठे गळतोय ते.

---

वेबमास्तर

बाळ्याभाऊ, तुमचा सल्लागार खोटं बोलला नाही, शिळं बोलला. जरा मागे जावं लागेल, चहा घेऊन बसा.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमधून पेजरँकची कल्पना मांडली. एका पानाने दुसऱ्याकडे लिंक दिली म्हणजे त्याच्या बाजूने मत दिलं, आणि ज्याचं स्वतःचं वजन जास्त त्याच्या मताला किंमत जास्त. पानाकडे जेवढं वजन असेल तेवढं त्यावरच्या लिंकांमध्ये वाटलं जातं. ज्याने रात्री उसाला दारं धरली आहेत त्याला हे लगेच कळेल. पाटाला पाणी तेवढंच, दहा सऱ्यांची तोंडं उघडी ठेवलीत तर प्रत्येकीला दहावा हिस्सा.

जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी 'नोफॉलो' आणलं. ब्लॉगांच्या प्रतिक्रियांमध्ये जुगाराच्या आणि गोळ्यांच्या लिंका टाकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता, त्यांना आवरायला. लिंकेवर ही चिठ्ठी चिकटवली की ते मत धरायचं नाही. पण लोक काय गप्प बसतात? त्यांनी ही चिठ्ठी स्वतःच्याच साइटच्या आतल्या लिंकांवर लावायला सुरुवात केली. दहातल्या पाच सऱ्या बंद केल्या की उरलेल्या पाचांना दुप्पट पाणी. याला पेजरँक स्कल्प्टिंग म्हणायचे, आणि त्यावर बक्कळ पैसे घेणारी मंडळी होती. (मीही घेतलेत. नाकारत नाही.)

जून २००९ मध्ये गूगलच्या वेबस्पॅम (शोधात वर येण्याच्या लबाड्या रोखणाऱ्या) विभागाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी जाहीर केलं की हे गणित आता असं चालत नाही, आणि बदल करून वर्षाहून जास्त काळ लोटलाय. दहा लिंका, दहा गुण, पाचांवर नोफॉलो, तर उरलेल्या पाचांना आता दोन-दोन नव्हे, एक-एकच गुण. बाकीचे पाच हवेत विरले. म्हणजे सरीचं तोंड बंद केलंत तरी तिच्या वाटचं पाणी दुसरीकडे वळत नाही, वाळूत मुरतं. आणि गंमत अशी की वर्षभर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यावर डोकेबाज लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे तुमच्या सल्लागाराची युक्ती. नोफॉलो लिंक निदान मोजली तरी जाते, मग लिंक दिसलीच नाही तर? जावास्क्रिप्टमध्ये टाका, सरी होती हेच गूगलला कळू नये. तेव्हा त्यात थोडंफार तथ्य होतं. पण त्याच वर्षी मे महिन्यातल्या गूगल आयओ या परिषदेत सांगून झालं होतं की ऑनक्लिकमधल्या (क्लिक केल्यावर स्क्रिप्टने उघडणाऱ्या) काही लिंका आम्ही आता ओळखू लागलो आहोत. २०१४ पासून गूगल पानं ब्राउझरसारखी चालवून बघतं हे जाहीर आहे, आणि २०१९ पासून तर गूगलबॉटच्या (पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमच्या) आत ताज्या क्रोमचं इंजिन असतं. त्याआधी बराच काळ ते क्रोम ४१ या जुन्या आवृत्तीवर अडकलेलं होतं.

---

नाना_नेटके

> तुमचा सल्लागार खोटं बोलला नाही, शिळं बोलला

असहमत. गूगलच्या आजच्या मार्गदर्शक पानावरही स्वच्छ लिहिलंय की ए टॅग आणि त्यात एचरेफ (पत्ता लिहायची जागा), एवढीच लिंक आम्हाला खात्रीने वाचता येते. (कोड टाकला की इथला एडिटर गिळून टाकतो म्हणून देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.) स्पॅनला (साध्या मजकुराच्या टॅगला) ऑनक्लिक लावलंय, एचरेफ नाही, तर ती लिंकच नाही. गूगलबॉट पान चालवतो पण बटणं दाबत नाही, खाली स्क्रोलही करत नाही. मग सल्लागाराची लिंक लपलीच की!

---

वेबमास्तर

'खात्रीने' या शब्दावर बोट ठेवा, नाना. वाचता येईलच असं नाही, हे ते सांगतात. वाचणार नाही असं वचन कुठेही दिलेलं नाही. स्क्रिप्टच्या मजकुरात पत्त्यासारखं काही दिसलं तर गूगलबॉट ते उचलून चाखून बघतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या स्क्रिप्टमध्ये टेस्टिंगचे अर्धवट पत्ते पडून होते, त्यांचे ४०४ (पान सापडत नसल्याचे शेरे) सर्च कन्सोलमध्ये महिनोन्‌महिने येत राहिले.

आता हिशेब मांडा. लिंक मोजली जावी म्हणून जावास्क्रिप्ट वापरलं तर मोजली जाईलच याची शाश्वती नाही. मोजली जाऊ नये म्हणून वापरलं तर तीही नाही. मग मिळवलं काय?

---

पाटकरी

दारं धरायचा विषय निघाला म्हणून बोलतो. नाव उगाच नाही घेतलं, बाप धरणावर पाटकरी होता.

वेबमास्तर, तुमच्या उदाहरणात एक गोष्ट राहिली. उसाच्या सरीत गेलेलं पाणी परत येत नाही, पण वेबसाइटच्या आतलं येतं. 'परतीच्या अटी' या पानावर वर मेन्यू आहे ना? त्यात हापूस, पायरी, केसर सगळं आहे. म्हणजे त्या पानाला दिलेलं वजन त्याच मेन्यूतून परत हापूसकडेच वळतं. पेजरँकच्या मूळ पेपरात ०.८५ असा एक गुणक आहे, म्हणजे प्रत्येक फेरीत थोडी गळ धरलेली आहे, पण मोठा हिस्सा साइटच्या आतच फिरत राहतो. चोर शेताबाहेर असेल तर बांध घाला. इथे बाळ्याभाऊंच्या आंब्याचं पाणी बाळ्याभाऊंच्याच फणसाला जातंय, त्याला गळती कसली म्हणायची?

---

कट्ट्यावरचा

पाटकरी, दंडवत घ्या. वाखुसा (वाचनखूण साठवली आहे).

---

सेनकाठची

मी पॅरिसजवळ एका मोठ्या ई-दुकानाच्या साइटवर काम करते. इथे फ्रान्समध्ये ही युक्ती अजून रोजच्या वापरात आहे, तिला 'ऑफ्युस्कासियों' म्हणतात. पत्ता बेस-६४ मध्ये (सांकेतिक अक्षरांत) गुंडाळून स्पॅनमध्ये ठेवायचा आणि माणसाने क्लिक केल्यावर स्क्रिप्टने तो उलगडायचा. कच्च्या पानात पत्त्यासारखं काहीच दिसत नाही, त्यामुळे वेबमास्तर म्हणतात तसं बॉटला चाखायलाही काही मिळत नाही. मी स्वतः हे लिहिलंय, आणि त्याचा उपयोग होतो असंच माझं मत आहे. सरसकट शिळं म्हणू नका.

पण उपयोग कशाला होतो ते बघा. आमच्याकडे बुटांच्या एका विभागात रंग, माप, कंपनी, किंमत, टाचेची उंची असे गाळणे (फिल्टर) आहेत. त्यांच्या जोड्या लावत गेलं तर लाखो पत्ते तयार होतात आणि गूगलबॉट त्या जंगलात हरवतो, नवीन माल त्याला दिसतच नाही. प्रश्न क्रॉल बजेटचा, म्हणजे बॉट एका साइटची किती पानं बघेल त्या मर्यादेचा आहे. गूगल स्वतः म्हणतं की या बजेटची काळजी दहा लाखांहून जास्त पानं असलेल्यांनी करावी, किंवा दहा हजारांहून जास्त पानं रोज बदलणाऱ्यांनी. तुमची १८० पानं आहेत हो! बॉटला सगळी बघायला चहा उकळण्याइतका वेळही लागायचा नाही.

आणि आमच्याकडेही मुख्य मेन्यूला कुणी हात लावत नाही. लावला तर नोकरी जाईल.

---

शब्दस्पर्श

मी एसईओवाला (साइट शोधात वर आणण्याचं काम करणारा) नाही. डोळ्यांनी दिसत नाही, एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर वापरून हा धागा ऐकतोय. बाळ्याभाऊंनी व्यनितून (खासगी निरोपातून) पत्ता दिला होता म्हणून साइट उघडली.

हापूसचं पान छान वाचलं गेलं. पण फूटरमध्ये 'परतीच्या अटी' हे शब्द नुसता मजकूर म्हणून ऐकू येतात, लिंक म्हणून नाही. टॅब दाबत गेलो तर फोकस त्यांच्यावर थांबतच नाही, एंटर दाबायचं कशावर? माझ्यासाठी ती पानं तुमच्या साइटवर नाहीत. डोळस माणसालाही मोबाईलवर दाबून धरलं तर नव्या टॅबमध्ये उघडता येणार नाही की पत्ता कॉपी करता येणार नाही.

गूगलला लिंक दिसते की नाही यावर इथे इतकं बोलणं चाललंय म्हणून सांगितलं. आम्हाला दिसत नाही.

---

चौकस_चिमणी

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद शब्दस्पर्श.

जावास्क्रिप्टच्या चलाखीवरून आठवलं. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने इंडेक्समधून काढून टाकली होती. एवढी मोठी कंपनी, आणि शोधल्यावर गायब! त्यांनी काही पानं अशी बनवली होती की त्यांत जर्मनमधला 'वापरलेली गाडी' हा शब्द पुन्हा पुन्हा कोंबलेला होता. गूगलचा बॉट तेव्हा जावास्क्रिप्ट चालवत नव्हता, त्याला तो मजकूर दिसायचा. माणूस आला की स्क्रिप्ट त्याला क्षणात दुसऱ्या चकचकीत पानावर ढकलायची. मॅट कट्स यांनी ब्लॉगवर जाहीरपणे लिहिलं, कंपनीने पानं काढली आणि काही दिवसांत साइट परत आली.

---

नाना_नेटके

आंबेवाल्याच्या फूटरला बीएमडब्ल्यूची फूटपट्टी लावू नका. तिथे बॉटला एक आणि माणसाला दुसरं दाखवलं होतं. इथे मजकूर दोघांना एकच आहे, फक्त लिंकेची पद्धत वेगळी. याला शिक्षा होत नाही.

---

चौकस_चिमणी

शिक्षा होते असं मी म्हटलंच नाही. ज्या खुंटीवर युक्ती टांगली ती खुंटी हलली, एवढंच म्हणणं आहे. तेव्हा 'बॉट स्क्रिप्ट चालवत नाही' ही खुंटी होती. आज ती नाही.

---

वेबमास्तर

चकतीबद्दल कुणी बोललं नाही, ते उरकून टाकतो. करू नका. म्हणजे आंब्याचा भाव दाखवणारी चकती जरूर करा, लोकांना आवडेल, पण तिच्या पोटात 'देवगड हापूस ऑनलाइन' अशी शब्द ठासलेली लिंक घालून वाटणं गूगलच्या नियमांत सरळ लिंक स्पॅम म्हणून लिहिलेलं आहे. लिंक द्यायचीच तर तिच्यावर नोफॉलो लावा आणि दुकानाचं नाव तेवढं ठेवा. ब्लॉगस्पॉटच्या जमान्यात वाचकसंख्येचे फुकट काउंटर लावायचो आपण, आठवतात का? त्यातल्या काहींच्या खाली भलत्याच दुकानांच्या लिंका असायच्या. आमच्या कवितांच्या ब्लॉगखाली वर्षभर कर्जाची जाहिरात होती, एका वाचकाने विचारल्यावर कळलं.

---

कट्ट्यावरचा

मूळ प्रश्न तसाच राहिलाय. फूटरच्या लिंका लपवल्याने ११२ पानं का पडावीत? परतीच्या अटी, संपर्क वगैरे धरून दहा-बारा पडतील फार तर. आकडा जुळत नाही.

बाळ्याभाऊ, दोन गोष्टी करा. एक, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून साइट उघडा आणि काय उरतं ते सांगा. दोन, सर्च कन्सोलमध्ये हापूसच्या पानाची यूआरएल तपासणी करा, 'लाइव्ह टेस्ट' चालवा आणि गूगलला जे एचटीएमएल (पानाचा कोड) मिळालं ते उघडून त्यात 'पायरी' शोधा. साध्या 'व्ह्यू सोर्स'वर जाऊ नका, त्यात स्क्रिप्ट चालायच्या आधीचं दिसतं.

---

देवगडचा_बाळ्या

केलं. भाच्याचा पेपर संपला, फोनवरून त्याने सांगितलं तसं केलं.

जावास्क्रिप्ट बंद केलं तर वरचा मेन्यूच गायब. हापूस, पायरी, केसर, काही नाही. नुसतं नाव आणि आंब्याचा फोटो.

गूगलला मिळालेल्या एचटीएमएलमध्येही 'पायरी' शब्द एकदाही नाही. आणि तिथेच एक ओळ दिसते की एक स्क्रिप्ट लोड करता आली नाही, बॉटांना कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या रोबोट्स फाइलने अडवली.

---

कट्ट्यावरचा

सापडलं!! रोबोट्स फाइल इथे टाका.

---

देवगडचा_बाळ्या

भाचा म्हणतो त्यात एक ओळ नवीन आहे, सल्लागाराने टाकलेली. 'जेएस' नावाचा सगळा फोल्डर बॉटांना बंद.

---

सेनकाठची

अरे देवा. आता कळलं. गूगल स्क्रिप्ट चालवतं हे तुमच्या सल्लागाराला ठाऊक होतं. म्हणून त्याने लिंका स्क्रिप्टमध्ये नेल्या आणि ती स्क्रिप्टच बॉटला बंद केली, म्हणजे दुहेरी कुलूप. फक्त एक विसरला: फूटर आणि मुख्य मेन्यू एकाच फाइलमधून तयार होत होते. फूटर लपवायला गेला आणि अख्खा मेन्यू आत कोंडून बसला.

गूगलने ऑक्टोबर २०१४ मध्येच बजावलं होतं की जावास्क्रिप्ट आणि सीएसएसच्या (पानाची सजावट ठरवणाऱ्या) फाइली रोबोट्समधून अडवू नका, त्याचा फटका थेट तुमच्या पानांना बसतो.

---

नाना_नेटके

एक शंका. मेन्यू गेला तर पानं 'सापडली' तरी कशी? लिंकच नाही म्हटल्यावर ती माहीतच नसायला हवीत.

---

पाटकरी

साइटमॅप (साइटच्या पानांच्या पत्त्यांची यादी) असणार. साइटमॅप म्हणजे तलाठ्याचा सातबारा. शेत आहे एवढं त्यात कळतं, पण म्हणून त्याला पाणी मिळत नाही. पत्ता माहीत आहे, पण घरच्या एकाही पानाने मत दिलेलं नाही, मग बॉट तिकडे जायची घाई कशाला करेल?

---

देवगडचा_बाळ्या

साइटमॅप आहे, भाच्याने आधीपासून ठेवलाय.

रोबोट्समधली ओळ काढली. मेन्यू आणि फूटर दोन्ही साध्या एचरेफ लिंकांवर परत आणले, भाच्याने रात्रीत केलं. सल्लागाराला फोन केला तर म्हणाला अजून तीन महिने थांबायला हवं होतं तुम्ही. आंबा थांबतो का तीन महिने?

---

चौकस_चिमणी

😀 सही. आता सगळी पानं एकेक करून इंडेक्सची विनंती करत बसू नका. मुख्य पाच-सहा करा, बाकीची मेन्यूतून जातील.

अवांतर: हल्ली चॅटबॉटांना विचारून खरेदी करणारेही वाढलेत, आणि त्यांच्यासाठी वेब धुंडाळणारे बरेचसे बॉट जावास्क्रिप्ट अजिबात चालवत नाहीत. त्यांच्या लेखी तुमच्याकडे पायरी नव्हतीच.

---

देवगडचा_बाळ्या

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. पायरी परत आली, पहिल्या पानावर, पण खाली आठव्या जागी. आधी चौथी होती. केसर, फणसपोळी, आईच्या पाककृती जवळजवळ सगळ्या आल्या. ११२ मधली २९ पानं अजून बाहेर आहेत. त्यातली २६ म्हणजे डिलिव्हरीच्या गावांची. 'डोंबिवलीत देवगड हापूस', 'चिंचवडमध्ये देवगड हापूस' अशी. लिंका तर आता सगळ्या साध्या आहेत, मग ही का येत नाहीत?

---

वेबमास्तर

डोंबिवलीच्या पानात आणि चिंचवडच्या पानात फरक काय आहे?

---

देवगडचा_बाळ्या

गावाचं नाव.

---

चौकस_चिमणी

आणि बाकी मजकूर?

---

देवगडचा_बाळ्या

तोच. २६ वेळा. हीसुद्धा सल्लागाराची नव्हे, माझीच आयडिया होती.

---

नाना_नेटके

मी आधी बीएमडब्ल्यूची फूटपट्टी लावू नका म्हटलं होतं. ते फूटरपुरतं होतं. 😐

---

वेबमास्तर

ही पानं आधी तरी इंडेक्समध्ये कशी होती याचंच नवल आहे. बॉट पुन्हा नव्याने आला, सगळी शेजारीशेजारी ठेवून बघितली आणि एकाच छापाची निघाली, असं झालं असणार. २६ ऐवजी एकच पान करा: कोणत्या गावाला कोणत्या वारी गाडी जाते, किती दिवसांत पोचते, पोचेपर्यंत आंबा किती पिकलेला असेल. हे तुम्हालाच माहीत आहे, दुसऱ्या कुणाच्या साइटवर नसणार. जुने पत्ते या नव्या पानाकडे वळवा, आणि वळवताना सर्व्हरवरून ३०१ (पान कायमचं हलल्याचा संकेत) लावा. जावास्क्रिप्टने वळवू नका, हात जोडतो.

---

देवगडचा_बाळ्या

लिहायला घेतलंय. पुण्याला मंगळवार आणि शुक्रवार, नाशिकला गुरुवार. डोंबिवलीला रोज. नागपूरचं कच्चं भरावं लागतं, तीन दिवस जातात.

---

शब्दस्पर्श

आज पुन्हा साइट उघडली. 'परतीच्या अटी' लिंक म्हणून ऐकू आली, एंटर दाबला, पान उघडलं, पूर्ण वाचलं. त्यात लिहिलंय की फळ खराब निघालं तर २४ तासांत फोटो पाठवावा. मला खराब फळ हाताला आणि नाकाला कळतं, फोटो नीट काढता येत नाही. फोन केला तर चालेल का?

---

देवगडचा_बाळ्या

चालेल. अटीतच लिहितो तसं. पेटी किती डझनांची पाठवू?